संध्याकाळपर्यंत अशुद्ध

माझी धाकटी जाऊ सहा वर्षं चर्चच्या शेवटच्या बाकावर बसत होती. तो बाक झाडू-फडक्यांच्या कपाटाला लागून आहे आणि त्याचा एक पाय आखूड आहे, त्यामुळे त्यावर बसलेला माणूस प्रार्थनेतसुद्धा डुलतो. तिथे बस असं तिला कुणी सांगितलं नव्हतं. पहिल्या रविवारी ती आली तेव्हा पुढच्या बायकांनी आपापल्या पर्सा मांडीवरून उचलून शेजारी ठेवल्या. पर्स ठेवल्यावर जागा उरत नाही, एवढं कळायला शाळेत जावं लागत नाही.

तिचं पाप सगळ्यांना तोंडपाठ होतं. एका हिवाळ्यात ती नवऱ्याला आणि लहानग्या पोरीला टाकून दुसऱ्या एकाबरोबर निघून गेली आणि उन्हं तापायच्या आत एकटीच परत आली. मी त्याला पापच म्हणते. तीही म्हणते. त्याबद्दल आमच्या घरात कधी वाद नव्हता. ती परत आली त्या दिवशी माझे दीर दाराशी एक जुना फ्रिज उघडून बसले होते, फ्रिज दुरुस्त करणं हाच त्यांचा धंदा. त्यांनी मान वर केली, हातातला पाना खाली ठेवला, परत उचलला, आणि म्हणाले, "आत ये आणि दार लाव. थंडी येतेय."

नंतर आत जी रडारड आणि भांडणं झाली ती भिंतीला माहीत. आम्ही भिंतीपलीकडेच राहतो, त्यामुळे थोडीफार मलाही माहीत. पुढे तेव्हाच्या म्हाताऱ्या पाळकसाहेबांसमोर तिनं गुडघे टेकले आणि काही हातचं न राखता सगळं सांगितलं. ते म्हणाले, "बाळ, देवानं धुतलं. आता ऊठ."

ती उठली. मंडळी मात्र त्यावर बसूनच राहिली.

मी एका मोठ्या इस्पितळाच्या धुलाईघरात काम करते. तिथे मधोमध एक भिंत आहे. भिंतीच्या एका बाजूला मळकी बाजू, दुसऱ्या बाजूला स्वच्छ बाजू. धुलाईची यंत्रं त्या भिंतीतच बसवलेली आहेत आणि प्रत्येक यंत्राला दोन दारं. मळक्या बाजूच्या दारातून रक्ताच्या, ओकारीच्या, नको त्या सगळ्याच्या चादरी आत जातात. आमच्या बाजूच्या दारातून वाफाळत बाहेर येतात. दोन्ही दारं एकदम उघडत नाहीत, यंत्रच उघडू देत नाही. मी आधी मळक्या बाजूला होते, आता बरीच वर्षं घड्या घालायला स्वच्छ बाजूला आहे. आमच्याकडे आलेली चादर हातात घेऊन 'ही कुणाच्या अंगाखालची गं?' असं कुणी विचारत नाही. विचारलं तर मुकादमीण म्हणते, "एवढी हौस असेल तर पलीकडे जाऊन बस."

आणि एक गंमत. सगळेच डाग जात नाहीत. काही चादरींवर पिवळट, तपकिरी असं काहीतरी नकाशासारखं उरतंच. पण ती चादर धुतलेली असते, उकळलेली असते, तिच्यावर तान्हं मूल निजवलं तरी चालतं. उलट घरून आणलेली पांढरीशुभ्र इस्त्रीची चादर असली तर परिचारिका ती हातानं बाजूला सारते. डाग वेगळा आणि घाण वेगळी. हे मला कुणी शिकवलं नाही, घड्या घालता घालता कळलं. जेवणाच्या सुट्टीत मी बायबल वाचते, तेही असंच कळत गेलं. बाकीच्या बायका स्तोत्रं वाचतात. मला मात्र लेवीयचं पुस्तक आवडतं, कारण त्यात भिंतीवरच्या बुरशीपासून कपड्यावरच्या चट्ट्यापर्यंत सगळ्याची चौकशी आहे. ते नियम घालून देणारा मोशे आमच्या मुकादमिणीच्या नात्यातला असावा.

तर त्या वर्षी भिंगरीचा बाप्तिस्मा ठरला. भिंगरी म्हणजे धाकटीची मुलगी. एका जागी बसेल तर शपथ, म्हणून भिंगरी. आता तेरा वर्षांची झालीय, तरी नाव सुटलं नाही.

आमच्या चर्चमध्ये बाप्तिस्मा म्हणजे पूर्ण बुडी. व्यासपीठाच्या फळ्या उचलल्या की खाली हौद आहे. पाळक कमरेइतक्या पाण्यात उभे राहतात, पोराला मागे झुकवून पाण्याखाली नेतात आणि वर काढतात. मग पोर पायऱ्या चढून वर आलं की त्याच्या आईनं त्याला टॉवेल गुंडाळायचा. टॉवेल गुंडाळला गेल्याशिवाय पाळक शेवटचा आशीर्वाद म्हणत नाहीत. आमच्याकडची ही फार जुनी रीत आहे. ती बायबलात कुठे सापडत नाही, पण मोडायची कुणाची छाती नाही.

बाप्तिस्म्याचे पांढरे झगे धाकटीच धुते. घेराच्या दुमडीत शिशाचे गोळे शिवावे लागतात, मासे धरायच्या जाळ्याला असतात तसले, नाहीतर पाण्यात शिरताच झगा छत्रीसारखा फुगतो आणि मंडळीला नको ते दर्शन घडतं. ते गोळे उसवायचे, झगा धुवायचा, वाळवायचा, गोळे परत शिवायचे, हे किचकट काम परत आल्यापासून तिच्याच गळ्यात होतं. म्हणजे धुवायला तिचे हात चालत होते.

टॉवेलाला चालत नव्हते. हे सांगायला पंचकमिटीनं आम्हा सगळ्यांना बोलावलं.

कमिटीचे प्रमुख चष्मेवाले काका. त्यांचं चष्म्याचं दुकान आहे. दुसऱ्याच्या डोळ्यात काय आहे ते बघणं हा त्यांचा पिढीजात धंदा. वाईट माणूस नाही. माझ्या सासऱ्यांच्या आजारपणात हाच माणूस रोज येऊन बसायचा. नवे पाळकसाहेब त्यांच्या शेजारी बसले होते, तरुण, सडपातळ, आणि कमिटीला घाबरून असलेले.

"बाप्तिस्मा पवित्र गोष्ट आहे," चष्मेवाले म्हणाले. "टॉवेल देणारे हातही तसेच हवेत. आम्ही असं ठरवलंय, बाई, की टॉवेल तुम्ही द्यायचा." हे माझ्याकडे बघून. "मोठी काकू म्हणजे आईच."

"आई जिवंत असताना?" मी म्हटलं.

"मग दुसरा मार्ग आहे. तिनं त्या दिवशी सगळ्यांपुढे उभं राहावं, आपलं पाप आपल्या तोंडानं सांगावं. मंडळी क्षमा करील. मग खुशाल द्यावा टॉवेल."

धाकटी खुर्चीच्या अगदी कडेला बसली होती. ती शांतपणे म्हणाली, "मी सांगितलंय. देवाला सांगितलं, ज्यांचं वाईट केलं त्यांना सांगितलं, आधीच्या साहेबांना सांगितलं. एकदा धुतलंय, काका. पुन्हा पुन्हा धुतलं तर कापड विरतं."

"मंडळीला कुठे सांगितलंस?"

"मंडळीला तर मी घरी पोचायच्या आधीच माहीत होतं."

पाळकसाहेबांना हसू आलं, ते त्यांनी रुमालात खोकलं. भाऊजी, म्हणजे माझे दीर, टेबलावरचा एक स्क्रू नखानं फिरवत होते. ते एवढंच म्हणाले, "पोरीसमोर? तिच्या बाप्तिस्म्याला? आणि वाईट झालं ते माझं. मी सोडून दिलं. तुमचं काय अडलंय?"

"प्रश्न तुमचा नाही. देवाच्या घराच्या शुद्धतेचा आहे."

मग मला राहवलं नाही. "काका, लेवीय मी वाचलंय. मेल्या जनावराला शिवलं तर अशुद्ध, अमक्या अंथरुणावर बसलं तर अशुद्ध, सगळं आहे त्यात. पण उपाय काय सांगितलाय? कपडे धुवावेत, अंघोळ करावी, आणि संध्याकाळपर्यंत अशुद्ध राहावं. संध्याकाळपर्यंत! मोशेसुद्धा दिवस मावळू देत होता. आपली संध्याकाळ सहा वर्षं झाली तरी होईना?"

"त्याच पुस्तकात असल्या बाईचं काय करायला सांगितलंय, तेही वाचलं असेल."

"वाचलंय ना. दोघांचं सांगितलंय. तो तिकडच्या चर्चच्या गायनमंडळात पहिल्या रांगेत उभा राहून गातो. आधी त्याला घेऊन या, मग आपण दगड शोधायला जाऊ. आणि ते दगड पुढे कुणी खाली ठेवायला लावले, तेही तुम्हाला माहीत आहे."

चष्मेवाल्यांचे कान लाल झाले. मी तेवढ्यावर थांबायला हवं होतं. पण मी पुढे आमच्या भिंतीचं, दोन दारांच्या यंत्राचं, डागाचं आणि घाणीचं सांगायला लागले, आणि ते वाक्य अर्ध्यावर कापून म्हणाले, "बाई, हे देवाचं घर आहे. तुमचं धुलाईघर नव्हे."

सगळे माना हलवायला लागले. खरं आहे, धुलाईघरात इतका मळ साठू देत नाहीत, हे उत्तर मला सुचलं ते घरी भांडी घासताना. तेव्हा समोर फक्त कढई होती.

माझ्या सासूबाई सगळा वेळ काठी धरून बसल्या होत्या. सहा वर्षांत त्यांनी धाकटीला नावानं हाक मारली नव्हती, आम्हाला विचारायच्या ते 'ती जेवली का'. बाहेर पडताना त्या चष्मेवाल्यांना म्हणाल्या, "माझ्या सुनेला बोलायचं ते मी बोलेन. मला अजून दात आहेत." म्हणजे क्षमा नव्हती हो ती. ती हद्दीची भांडणं होती.

घरी आल्यावर धाकटी झग्याला गोळे शिवत बसली. मी तिच्यासमोर बसले.

"सांगून टाक की उभं राहून. चार वाक्यं. मीही उभी राहते तुझ्या शेजारी."

"ताई, वाक्यांचा प्रश्न नाही." तिनं दोरा दातानं तोडला. "मी उभी राहून मागितली, तर त्याचा अर्थ काय होतो? की देवानं दिली ती अर्धीच होती, उरलेली यांच्याकडे होती. यांच्याकडे नाहीच आहे ती, मग मी मागू कशाला? देव म्हणाला लाखेसारखं लाल असलं तरी बर्फासारखं पांढरं करीन. चष्मा लावून तपासून घेईन असं नाही म्हणाला."

"मग टॉवेल जाईल हातचा."

सुई थांबली. "जाईल," ती म्हणाली. मग गोळा चाचपत म्हणाली, "एकदा मी तिला सोडून गेले होते. तेव्हा तिला कोण पुसत होतं? तुम्हीच. तिचे केस, नाक, सगळं. तुम्ही दिलात तरी चालेल मला, ताई. खरंच चालेल."

आता चालेल म्हणणाऱ्या माणसाचे डोळे असे भरत नाहीत.

भिंगरी दारात उभी राहून सगळं ऐकत होती. "मोठी आई, टॉवेल तू देणार?"

"तसं ठरलंय त्यांचं."

"मग मी पाण्यातून वरच येणार नाही. आत बसून राहीन माशासारखी. बघू किती वेळ उभे राहतात साहेब."

"गप गं, शहाणी! देवाच्या कामात असलं बोलू नये," तिची आई म्हणाली. पण हसली.

रविवारी चर्चच्या दारात पाय ठेवला आणि थबकले. दारापासून व्यासपीठापर्यंत लालभडक नवा गालिचा. चष्मेवाल्यांनी बाप्तिस्म्यानिमित्त भेट दिलेला. ते दारातच उभे राहून येणाऱ्या प्रत्येकाला "पाय पुसून या हं, पाय पुसून" म्हणत होते. माझ्यासाठी पहिल्या बाकावर, पायऱ्यांच्या अगदी जवळ, जागा राखून ठेवली होती. तिच्यावर पर्ससुद्धा नव्हती.

मी टॉवेल छातीशी धरून त्या जागेपर्यंत गेले. आणि वळले. पाय आपोआप वळले असं मी म्हणणार नाही, मी वळवले. गालिच्यावरून सरळ मागे गेले आणि झाडूच्या कपाटाशेजारी धाकटीजवळ बसले. बाक दणकन माझ्या बाजूला कलला.

"ताई, हे काय? पुढे जा ना!"

"गुडघे दुखतायत."

"गुडघे दुखतात म्हणून इतक्या लांब चालत आलात?"

मी टॉवेल तिच्या मांडीवर ठेवला. "मला आता काही उठवणार नाही. तुला काय करायचं ते तू बघ."

"मी पुढे जाणार नाही. उद्या म्हणतील, घुसली."

"नको जाऊस. बस."

गाणं झालं. धाकटी शेवटच्या बाकावरून गाते तेव्हा तिचा आवाज छताला लागतो, त्या दिवशी मात्र ती टॉवेलाची किनार सरळ करत बसली. पाळकसाहेब हौदात उतरले. भिंगरी पांढऱ्या झग्यात पायऱ्या उतरली, तिला मागे झुकवलं, पाणी तिच्यावरून मिटलं आणि फुटलं. ती धापा टाकत वर आली. पायऱ्या चढून व्यासपीठाच्या कडेला उभी राहिली. केस तोंडावर, दात वाजतायत.

टॉवेल नाही.

पहिल्या बाकावरची माझी जागा रिकामी. चष्मेवाल्यांनी इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं, मला सर्वांत मागे पाहिलं, आणि हातानं खुणा करायला लागले. ये, ये. मी गुडघ्यावर हात ठेवून चेहरा जमेल तेवढा कळवळलेला केला. पाळकसाहेब थंड पाण्यात ताटकळत उभे, कारण टॉवेल नाही तर आशीर्वाद नाही, आणि आशीर्वाद नाही तर बाहेर येता येत नाही. शेवटी चष्मेवाल्यांनी स्वतःच्या खांद्यावरची शाल काढली आणि भिंगरीकडे निघाले.

"थांबा," भिंगरी म्हणाली. त्या शांततेत ते हौदालासुद्धा ऐकू गेलं असेल. "माझी आई मागे बसलीये."

"अगं, पण इथे—"

"राहू द्या हो!" दुसऱ्या बाकावरून काठी आपटली. माझ्या सासूबाई. "तिची आई आहे ना. घालू द्या तिला."

सहा वर्षांनी त्यांच्या तोंडून 'ती'ची आई झाली.

आणि पोरगी निघाली. सगळ्या मंडळीच्या मधून, नव्या गालिच्यावरून, पाणी गाळत. झग्यातले गोळे तिच्या घोट्यांवर आपटत होते, टक, टक. धावली नाही. आयुष्यात पहिल्यांदा ती भिंगरीसारखी वागली नाही. ती पुढे सरकली तशा बाकांवरच्या माना मागे वळत गेल्या. मग कुणीतरी हुंकार भरला, मला वाटलं रागाचा, पण ते गालिच्याकडे बघत होते. गालिच्याचा रंग सुटत होता. ती जिथे पाय ठेवी तिथे लाल पाण्याचं थारोळं, आणि झग्याचा घेर ते शोषत चाललेला, आधी गुलाबी, मग लाल.

शेवटच्या बाकापाशी पोचली तेव्हा ती गुडघ्यांपासून वर पांढरी होती आणि खाली पावलांपर्यंत लालेलाल.

धाकटी उभी राहिली. बाक माझ्यासकट हलला. तिनं टॉवेल उलगडला आणि पोरीला त्यात अशी गुंडाळली की नाकच तेवढं बाहेर राहिलं. डोकं पुसलं. कान पुसले. मग खाली बसली, टॉवेलाचं एक टोक घेतलं आणि तिचे लाल पाय पुसायला लागली, बोटांच्या फटीसुद्धा. भिंगरी म्हणाली, "आई, गुदगुल्या होतायत." आई म्हणाली, "सरळ उभी राहा."

पलीकडच्या टोकाला, पाण्यात, पाळकसाहेबांनी ते पाहिलं. टॉवेल गुंडाळलेला होता. रीत पुरी झाली होती. त्यांनी चष्मेवाल्यांकडे एकदा पाहिलं, मग दोन्ही हात वर केले आणि आशीर्वाद म्हणायला सुरुवात केली. तो झाडूच्या कपाटापर्यंत पोचायला हवा म्हणून त्यांना ओरडूनच म्हणावा लागला. दात वाजत होते, पण शब्द एकही गाळला नाही. 'आमेन' आधी सासूबाईंनी म्हटलं, मग भाऊजींनी, मग इकडून तिकडून. सगळ्यांनी नाही. काही बायका पर्सांकडे बघत राहिल्या. बघू देत.

चर्च सुटल्यावर चष्मेवाले आमच्याजवळ आले. कपाळावर घाम होता. धाकटीच्या हातातल्या ओल्या झग्याकडे बोट करून म्हणाले, "झगा वाया गेला. लोकांच्या लेकरांना घालायचा पवित्र झगा! हा डाग निघायचा नाही."

"गालिचा तुमचा होता, काका," धाकटी म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता. "रंग पक्का आहे का, विचारून घ्यायचं ना."

ते चष्मा काढून शालीला पुसायला लागले, आणि पुसतच राहिले. मला थोडी दया आली. थोडीच.

त्याच दुपारी आम्ही दोघींनी झगा धुतला. गोळे उसवले, गार पाण्यात भिजवला, साबण लावला, चोळला, उकळला, पुन्हा चोळला. लाल गेलं. खाली एक फिकट गुलाबी पट्टा उरला तो उरलाच. कमिटीचा निरोप आला होता की तो फाडून फडकी करा, नवा शिवू. धाकटीनं तो दोरीवर घातला आणि शिशाचे गोळे वाटीत घेऊन, सुईत दोरा ओवून, तो वाळायची वाट बघत पायरीवर बसली.

"परत कपाटात ठेवणारेस?" मी विचारलं.

"मग? पुढच्या महिन्यात त्या शिंप्याच्या मुलाचा बाप्तिस्मा आहे. त्याला बरोबर येईल लांबीला."

"काका बघतील. डाग आहे म्हणतील."

"आहेच की." तिनं घेराचं कापड दोन बोटांत धरून पाहिलं. अजून जरासं दमट होतं. "पण धुतलेला आहे."

सासूबाईंनी आतून हाक मारली, चहा झाला म्हणून. दोघींना मारली. समोरच्या घरांवरून ऊन उतरत गेलं, झगा वाऱ्यानं एकदा फुगला आणि रिकामाच खाली बसला. धाकटीनं पुन्हा हात लावून बघितलं. सुकला होता. संध्याकाळ झाली होती.